रोमानियाचे घाट आणि जुनी गावं: दहा दिवसांत, मागे पत्नी बसलेली असताना, काय घ्यावं आणि काय सोडावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही पुण्याचे. लडाख आणि स्पिती झालंय. सप्टेंबरमध्ये दहा दिवसांची सुट्टी आहे आणि मागे पत्नी बसणार आहे. ट्रान्सफागाराशान आणि ट्रान्सआल्पिना हे दोन्ही घाट चालवायचे आहेत. सिबिऊ, सिगिशोआरा आणि ब्राशोव ही जुनी गावं बघायची आहेत, आणि जमलं तर उत्तरेला मारामुरेश आणि बुकोविनासुद्धा. एवढं सांगून तुम्ही विचारलंय इतकंच, की रस्ते कितपत अवघड आहेत आणि कोणती मोटरसायकल भाड्याने घ्यावी.

रस्ते अवघड नाहीत. स्पितीत गाडी चालवलेल्या माणसाला तर अजिबात नाहीत. सगळीकडे डांबर आहे आणि पाण्यातून गाडी घालावी लागत नाही. ट्रान्सआल्पिनाचा सर्वांत उंच बिंदू, उर्देले खिंड, २१४५ मीटरवर आहे, म्हणजे विरळ हवेचा प्रश्नच येत नाही. गाडीही ७०० ते ८५० सीसीची, सरळ बसता येणारी कुठलीही चालेल. त्याहून मोठी घेतलीत तर ती गावातल्या दगडी गल्लीत ढकलताना तुमचाच जीव जाईल.

अडचण तुमच्या यादीत आहे. घाट आणि गावं तुम्ही एका ओळीत लिहिली आहेत. नकाशावर ती शेजारीशेजारी दिसतात, म्हणून 'दिवसाला एक घाट आणि एक गाव' असा हिशोब मनात तयार होतो. मी उन्हाळ्यात आपल्याकडच्या रायडर्सचे छोटे गट घेऊन कार्पेथियन डोंगरांत फिरतो. जवळपास प्रत्येक जण हाच हिशोब घेऊन येतो. ज्यांचा विरस होतो त्यांचा घाटात होत नाही, गावात होतो. संध्याकाळी सात वाजता घामेजलेल्या जॅकेटात चौकात पोचायचं, एक फोटो काढायचा, जेवून झोपायचं आणि सकाळी आठला सामान बांधून पुढे निघायचं. आठशे वर्षांचं गाव बघायला आलो आणि बघितलं फक्त हॉटेलचं पार्किंग, असं होतं.

कशावर काट मारायची ते ठरवण्याआधी या डोंगरांचा आणि गावांचा संबंध समजून घ्या. माझा सगळा क्रम त्यावरच बेतलेला असतो. बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने जर्मन बोलणाऱ्या लोकांना ट्रान्सिल्व्हेनियात आणून वसवलं. त्यांना सॅक्सन म्हणतात. सिबिऊचं जर्मन नाव हेर्मानश्टाट, ब्राशोवचं क्रोनश्टाट. ही दोन्ही गावं डोंगराच्या उत्तरेला, खिंडीच्या तोंडाशी आहेत. सिबिऊच्या दक्षिणेला ओल्ट नदीने फोडलेली तुर्नू रोशूची खिंड आहे आणि ब्राशोवजवळ ब्रानची. खिंडीपलीकडे वलाखियाचं राज्य (आजचा दक्षिण रोमानिया) आणि त्याच्याही पुढे ऑटोमन तुर्कांचा मुलूख. माल खिंडीतून यायचा, जकात भरायचा, बाजारात उतरायचा आणि गाव श्रीमंत व्हायचं. नाणेघाट आणि जुन्नरचं जे नातं, तेच ब्रान आणि ब्राशोवचं. ब्रानचा किल्ला बांधायची परवानगी १३७७ मध्ये राजा पहिला लुई याने ब्राशोवच्या सॅक्सनांना दिली, तीही त्यांच्याच खर्चाने. खिंड राखणं आणि जकात वसूल करणं हे त्या किल्ल्याचं काम. आज तिथे रक्तपिपासू ड्रॅक्युलाचे मुखवटे आणि कॉफीचे मग विकतात. ते विकत राहू देत, तुम्ही जकात ध्यानात ठेवा.

हे मी इतकं लांबवतोय कारण त्याने गावात काय बघायचं ते बदलतं. ब्राशोवचं मोठं चर्च १६८९ च्या आगीनंतर 'काळं चर्च' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आत गेलात की भिंतींवर आणि कठड्यांवर तुर्की गालिचे टांगलेले दिसतात. लुथरन चर्चमध्ये अनातोलियाचे गालिचे कसे? खिंडीतून व्यापार करणाऱ्यांनी आणि कारागिरांच्या संघांनी ते चर्चला दिले. रोमानियन भाषेतला सर्वांत जुना तारीख-पक्का मजकूर म्हणजे १५२१ चं एक पत्र. डोंगराच्या दक्षिणेकडच्या कम्पुलुंग गावातल्या न्याक्शू नावाच्या व्यापाऱ्याने ते ब्राशोवचा नगरप्रमुख हान्स बेंकनर याला लिहिलं होतं. तुर्क फौजा डॅन्यूबवर हालचाल करताहेत, सावध राहा, असा त्यातला मजकूर आहे. ब्राशोव ते कम्पुलुंग हा रस्ता तुमच्या परतीच्या दिवशी तुमच्या चाकाखाली असेल.

ट्रान्सफागाराशान मात्र या गोष्टीत कुठेच बसत नाही. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, आणि आपल्यावरही अशी वेळ आली तर फौज डोंगरापलीकडे झटपट नेता यावी म्हणून रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने हा रस्ता काढायला लावला. १९७० ते १९७४ या काळात तो मुख्यतः लष्कराने सुरुंग लावून फोडला. अधिकृत आकड्याप्रमाणे त्यात ४० सैनिक मेले. कुठल्याही जुन्या बाजारपेठेला जोडण्यासाठी तो बांधलेला नाही. ट्रान्सआल्पिना त्याहून जुना आहे. मेंढपाळांच्या वाटेवर १९३० च्या दशकात, राजा दुसरा कॅरोल याच्या काळात त्याचा रस्ता झाला, पण सलग डांबर पडलं ते अगदी अलीकडे. म्हणजे तुमच्या यादीत दोन वेगळ्या जातीचे रस्ते आहेत. एक निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठीचे आणि दुसरे गावांकडे नेणारे. दोघांना मी वेगळे दिवस देतो. घाटाच्या दिवशी गाव बघायचं नाही, फक्त गावात पोचायचं. गावाच्या दिवशी किल्ली खिशात.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. पहिली गोष्ट तारीख. ट्रान्सफागाराशानचा माथ्याकडचा भाग, पिस्कू नेग्रू ते बिलेआ धबधबा, साधारण जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत उघडा असतो आणि त्या काळातही रात्री बंद ठेवतात. उघडण्याची आणि मिटण्याची तारीख दरवर्षी बर्फ ठरवतो. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात आवडतो, कारण दुपारची वादळं कमी झालेली असतात, युरोपातल्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि अंधार संध्याकाळी आठच्या सुमारास पडतो. तुमचं जाणं महिन्याच्या शेवटी गेलं तर माथ्यावर ताजा बर्फ मिळण्याची शक्यता धरून चाला. दुसरी गोष्ट वार. घाट शनिवार-रविवारी अजिबात नको. बिलेआ तलावाजवळ गाड्यांची इतकी रांग लागते की वळणं मोजण्याऐवजी नंबरप्लेट मोजाव्या लागतात. तिसरी गोष्ट तुमच्या पत्नी. त्यांना तासन् तास मागे बसण्याची सवय असेल तर घाटात दिवसाला १८० किलोमीटर आणि सपाटीवर २५० ठीक. नसेल तर दोन्ही आकडे चौथाईने कमी करा. हा निर्णय त्यांनी घ्यायचा, तुम्ही नाही.

मारामुरेश आणि बुकोविना या खेपेला सोडून द्या. तुम्हाला वाईट वाटेल, पण ऐका. सिगिशोआराहून मारामुरेशच्या सिगेत गावापर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि त्यात साडेपाच-सहा तास जातात. इथले राष्ट्रीय रस्ते गावांच्या मधोमध जातात, आणि गावही रस्त्याच्या दोन्ही कडांना लांबच लांब पसरलेलं असतं. त्या सबंध लांबीत ताशी ५० ची मर्यादा. गाव संपलं की ९०, आणि दोन मिनिटांत पुढचं गाव. पोलिसांचे कॅमेरे असतात, घोडागाड्या असतात. दिवसाचा सरासरी वेग ५५ च्या वर धरू नका. लाकडी चर्चांचा तो प्रदेश सुंदर आहे, पण त्याला वेगळा आठवडा द्यायला हवा.

आता माझा क्रम. पहिल्या दिवशी बुखारेस्टला उतरा आणि गाडी त्या दिवशी घेऊ नका. सप्टेंबरमध्ये भारताशी फरक अडीच तासांचाच आहे, पण रात्रीच्या विमानानंतर उजव्या बाजूची वाहतूक नको. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या, ए-१ मोटरवेने पितेश्त आणि तिथून कुर्तेआ दे आर्जेश. दीडशे किलोमीटर, जेमतेम अर्धा दिवस. हे मुद्दाम कमी ठेवलंय. गाडीची, बाजूची आणि मागच्या वजनाची ओळख सपाटीवर होऊ द्या. गावातला मठ १५१७ मध्ये प्रतिष्ठापित झाला. तो बांधताना रोज रात्री भिंत कोसळायची, आणि शेवटी गवंडी मनोलेने स्वतःच्या बायकोला भिंतीत चिणलं, अशी दंतकथा तिथे सांगतात.

तिसरा दिवस ट्रान्सफागाराशान. सातला निघा. दक्षिणेकडून चढण्याचा माझा आग्रह असतो, कारण बरीचशी गर्दी उत्तरेकडून, सिबिऊ आणि ब्राशोवच्या बाजूने, उशिरा येते. तुम्ही तिच्या आधी माथ्यावर असता. सुरुवातीचा भाग विद्रारू धरणाच्या कडेने आणि जंगलातून जातो. धरणाची भिंत १६६ मीटर उंच आहे, तिथे थांबा. पुढचं डांबर ठिगळांचं आहे, सावलीत ओलं राहतं आणि पानं पडलेली असतात. बरेच रायडर या भागात कंटाळतात आणि वेग वाढवतात, आणि नेमका हाच भाग सावकाश घ्यायचा आहे. धरणाच्या थोडं आधी पोएनारीचा पडका किल्ला लागतो, व्लाद त्सेपेशचा, म्हणजे ज्याच्या नावाशी ड्रॅक्युलाची गोष्ट जोडतात त्या वलाखियाच्या राजाचा. वर जायला १४८० पायऱ्या आहेत. रायडिंगच्या बुटांत त्या चढून नंतर घाट चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. जंगल संपलं की रस्ता उघड्या दरीत येतो आणि माथ्यावर जवळपास नऊशे मीटरचा बोगदा लागतो. आत अंधार आणि ओल असते. हेल्मेटला काळी काच लावली असेल तर आधीच वर करा. बोगदा संपला की एकदम डोंगराची उत्तर बाजू. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला धुकं, हे इथे नेहमीचं आहे, म्हणून बोगद्याआधी थांबून जॅकेटाच्या चेन लावून घ्या. बिलेआ तलाव दोन हजार चाळीस मीटरच्या आसपास आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली ३० असेल तर इथे एकोणीस-वीस, आणि वारा असेल तर अंगाला त्याहूनही कमी लागतं. फोटोत दिसतात ती वळणं उत्तरेच्या उतारावर आहेत, रुंद आणि छान आखलेली. दुपारी कर्त्सिशोआराला उतरून सिबिऊ गाठा आणि गाडी ठेवून द्या.

चौथा दिवस सिबिऊ, पायी. वरचं गाव, खालचं गाव आणि त्यांना जोडणारे जिने. छपरांमधल्या त्या डोळ्यांसारख्या खिडक्यांचे फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. पण ब्रुकेनथाल संग्रहालय चुकवू नका. ट्रान्सिल्व्हेनियाचा गव्हर्नर असलेल्या ब्रुकेनथालचा हा वाडा आणि त्याचा चित्रसंग्रह १८१७ पासून लोकांसाठी खुला आहे.

पाचवा दिवस ट्रान्सआल्पिना. सिबिऊहून मोटरवेने सेबेश, तिथून दक्षिणेला शुगाग, ओआशाचा तलाव आणि वर उर्देले. सेबेशची दरी हिरवी, अरुंद आणि ओली आहे. शेवटचा टप्पा मात्र उघड्या गवताळ पठारावर, जिथे आडोशाला झाडसुद्धा नाही. मला स्वतःला हा रस्ता ट्रान्सफागाराशानपेक्षा जास्त आवडतो, गर्दी कमी आणि वळणांची लय जास्त. जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास होतात, म्हणजे मी वर सांगितलेल्या आकड्यांपेक्षा जास्त. पत्नी थकल्या असतील तर त्या दिवशी त्यांना सिबिऊत राहू द्या आणि तुम्ही एकटे जा. अशा वाटणीने दोघंही खूश असलेली जोडपी मी पाहिली आहेत. मेंढ्यांचे कळप आणि त्यांचे कुत्रे हा इथला मुख्य धोका. कुत्रा अंगावर धावून आला तर लाथ मारायला पाय काढू नका. वेग आधीच कमी करा, तो जवळ आला की सरळ रेषेत वेग वाढवा. त्याचा अंदाज तुमच्या आधीच्या वेगावर बांधलेला असतो आणि तो मागे पडतो.

सहाव्या दिवशी सिबिऊ ते सिगिशोआरा, शंभर किलोमीटरच्या आसपास. मेदियाश ओलांडलं की सरळ पुढे जाऊ नका, दक्षिणेला फुटून बिएर्तानला जा. तटबंदीचं चर्च, भोवती भिंतींची तीन कडी. गावावर हल्ला झाला की सगळं गाव चर्चमध्ये शिरायचं, धान्यासकट. इथे एक खोली दाखवतात, जिथे घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याला एक पलंग, एक ताट आणि एक चमचा देऊन कोंडायचे. दोन आठवडे एका गाडीवर काढणाऱ्या जोडप्यांना ती खोली फार बघावीशी वाटते. ही सॅक्सन गावं आज निम्मी रिकामी वाटतात, कारण १९८९ नंतर बहुतेक सॅक्सन जर्मनीला निघून गेले. घरं, चर्चं आणि कबरी राहिल्या.

सिगिशोआराचं वरचं गाव १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तटबंदीला १४ बुरूज होते, त्यातले ९ उभे आहेत. एकेक बुरूज एकेका कारागीर संघाने बांधायचा आणि राखायचा: शिंप्यांचा, चर्मकारांचा, कथीलकामवाल्यांचा. घड्याळाचा मनोरा ६४ मीटरचा. टेकडीवरच्या चर्चकडे जाणारा झाकलेला लाकडी जिना १६४२ चा, आणि तो शाळेच्या मुलांसाठी बांधला होता, पाऊस-बर्फात त्यांना वर जाता यावं म्हणून. मुक्काम तटाच्या आतच करा, थोडे जास्त पैसे पडले तरी. दिवसाच्या बसेस पाचच्या सुमारास निघून जातात आणि मग गल्ल्या तुमच्या. पण गाडी वर चढवू नका. वाहनांना मर्यादा आहेत, आणि उतारावरचे गुळगुळीत गोटे पावसात साबणासारखे होतात. लडाखला न पडलेले लोक इथे दोनच्या वेगाने पडतात. गाडी खालच्या गावात, सामान पाठीवर.

सातव्या दिवशी सकाळ सिगिशोआरात काढा आणि अकराला निघून ब्राशोव, १२० किलोमीटर. वाटेत रुपेआचा गढीसारखा किल्ला दिसतो. आठवा दिवस ब्राशोवचा, काळं चर्च आणि गालिचे त्यात आलेच. तटाबाहेरचा श्केई हा भाग मुद्दाम बघा. तटाच्या आत सॅक्सन राहायचे आणि रोमानियन लोकांना आत घर घ्यायला बंदी होती, म्हणून ते इथे राहिले, आणि इथेच पहिली रोमानियन शाळा झाली. व्यापारी गावाची श्रीमंती बघितली की तिच्या भिंतीबाहेर कोण होतं तेही बघावं. नवव्या दिवशी ब्रान, मग खिंड ओलांडून रुकर, कम्पुलुंग, पितेश्त आणि बुखारेस्ट. ब्राशोवहून सिनायामार्गे सरळ जाणारा डीएन-१ हा राष्ट्रीय रस्ता अंतराने कमी आहे, पण रविवारी संध्याकाळी तो जवळजवळ वाहनतळ असतो. ब्रानची वाट लांब असूनही पुष्कळदा लवकर पोचवते, आणि चालवायला कितीतरी सरस आहे. दहाव्या दिवशी विमान.

थोडक्यात, घाटांना दोन दिवस, सिबिऊत तीन रात्री, सिगिशोआरात एक, ब्राशोवमध्ये दोन.

आता गाडी चालवण्याबद्दल. उजव्या बाजूची सवय दोन तासांत होते असं लोक सांगतात. होते, पण मोडतेही. चुकीच्या बाजूला जाण्याचे प्रसंग वाहतुकीत येत नाहीत, कारण पुढची गाडी बघून आपण तिच्यामागे जातो. ते येतात रिकाम्या रस्त्यावर: सकाळी हॉटेलातून निघताना, पेट्रोलपंपातून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना. माझ्या गटात नियम आहे की थांब्यावरून निघताना मागे बसलेली व्यक्ती मोठ्याने 'उजवीकडे' म्हणते. दोन दिवस हसतात, नंतर आपोआप म्हणतात. गोल चौकात आधी डावीकडे बघायचं, मान त्या दिशेने वळवायची सवय लावून घ्या.

दुसरा फरक वळणांचा. आपल्याकडे चढताना डावीकडची हेअरपिन वळणं आतली, घट्ट असतात. इथे ती उजवीकडची. तुमच्या शरीराला डावीकडच्या घट्ट वळणांचा सराव आहे, उजवीकडच्यांचा तेवढा नाही. मागे वजन आणि दोन पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) असताना उजव्या घट्ट वळणात गाडी बाहेर, समोरून येणाऱ्याच्या भागात सरकते. उपाय साधा आहे. वळणाआधीच गिअर खाली, वळणात क्लच दाबायचा नाही, मागचा ब्रेक हलका धरून ठेवायचा, आणि नजर पुढच्या चाकावर नाही तर वळणाच्या टोकापलीकडे. आत शिरण्याची घाई करू नका, उशिरा वळा. उतारावर इंजिनाचा ब्रेक वापरा. माथ्यावरून सलग उतरताना ब्रेकचा वास येऊ लागला तर थांबा, चहा नाही मिळणार पण कॉफी मिळेल.

अस्वलं. रशिया सोडला तर युरोपात सर्वांत जास्त तपकिरी अस्वलं रोमानियात आहेत, आणि ट्रान्सफागाराशानच्या दक्षिण बाजूला, विद्रारूच्या जंगलात, ती दिवसाढवळ्या रस्त्याच्या कठड्यापाशी बसलेली असतात. लोक गाडीच्या खिडकीतून खाऊ देतात म्हणून ती तिथे बसतात. खाऊ देणं बेकायदा आहे आणि दंड होतो. २०२५ च्या जुलैमध्ये या रस्त्यावर एका इटालियन मोटरसायकलस्वाराचा अस्वलाने जीव घेतला. मोटारीला काच असते, तुम्हाला नाही. समोर गाड्या अचानक थांबलेल्या दिसल्या की अस्वल आहे असं समजा. इंजिन चालू ठेवून मोटारींच्या मागे अंतर राखून उभे राहा, हेल्मेट काढू नका, फोन काढू नका, आणि अस्वल तुमच्या बाजूला असेल तर वळून मागे जा. टँक बॅगेत खाण्याचं काही ठेवू नका, चिक्कीसुद्धा नाही. फोनवर मोठ्या आवाजात सरकारी इशारा आला तर बऱ्याचदा तो जवळपास अस्वल दिसल्याचा असतो. मदतीचा क्रमांक ११२.

कागदपत्रं पटकन सांगतो. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया जमिनीच्या सीमांसकट शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागेल, जुना वेगळा रोमानियन व्हिसा विसरा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या आणि त्यात मोटरसायकलच्या रकान्यावर शिक्का आहे ना ते खिडकीवरच तपासा. मूळ परवानाही सोबत हवा. गाडी देणारे अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवतात. फॉरेक्स कार्ड बऱ्याच ठिकाणी त्यासाठी चालत नाही. प्रवास विम्याच्या बारीक अक्षरात मोटरसायकल चालवणं वगळलेलं नाही ना, किती सीसीपर्यंत चालतं, ते वाचा. रोमानियात मोटरसायकलला रस्ताकराचा विन्येट लागत नाही, पण हंगेरीच्या मोटरवेवर गेलात तर तिथे लागतो. दारूच्या बाबतीत मर्यादा शून्य आहे, जेवताना एक बिअरसुद्धा नाही. हेल्मेट स्वतःचं न्या, ईसीई या युरोपीय सुरक्षा मानकाची छाप असलेलं. पंपावर आपणच भरायचं आणि आत जाऊन पैसे द्यायचे. नळीवर बेंझिना लिहिलेलं असेल तर पेट्रोल, मोटोरिना म्हणजे डिझेल. नाव फसवं आहे, लक्षात ठेवा.

तुम्ही पत्नी शाकाहारी आहेत असंही लिहिलंय. हॉटेलात 'दे पोस्त' आहे का विचारा. ऑर्थोडॉक्स उपवासाचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडी काहीच नसतं. घोटलेल्या घेवड्याची फासोले, भाजलेल्या वांगी-मिरच्यांची झाकुस्का आणि मक्याच्या पिठाची मामालिगा एवढ्यावर दहा दिवस सहज निघतात. तिखट मात्र घरून न्या.

मुक्काम निवडताना सिबिऊ आणि ब्राशोवमध्ये अंगण असलेलं जुनं सॅक्सन घर शोधा. त्यांचे रस्त्याकडचे दरवाजे बैलगाडी आत जाईल इतके मोठे असतात, गाडी रात्री आत उभी राहते आणि मालक फाटक लावून घेतो. आरक्षण करण्याआधी निरोप पाठवून 'मोटरसायकल आत ठेवता येईल का' एवढं विचारून घ्या.

शेवटी, घाट बंद मिळाला तर. तिसऱ्या दिवसाच्या आदल्या रात्री रस्त्याची स्थिती बघा, हॉटेलवाल्यालाही विचारा, त्यांना माहीत असतं. माथ्यावर बर्फ किंवा जोराचा पाऊस सांगितला असेल तर एक दिवस वाट बघू नका. कुर्तेआ दे आर्जेशहून पश्चिमेला रम्निकू विल्चाला जा आणि ओल्टच्या खोऱ्यातून सिबिऊ गाठा. त्या रस्त्यावर ट्रक फार असतात आणि ओव्हरटेकची घाई करणारेही, म्हणून पहाटे निघा आणि ट्रकच्या मागे शांतपणे राहा. सिबिऊत तीन रात्री ठेवल्या आहेत त्या याचसाठीही. हवा उघडली की उत्तरेकडून बिलेआपर्यंत चढून त्याच रस्त्याने परत या. बोगद्यापलीकडचं जंगल राहील, पण वळणं सगळी मिळतील.